लांब असूनही लहान

आज 'लार्ज'ची पाळी होती. ती एक आठवडा पुढे ढकलतो, कारण सावंगी (मेघे) इथे नर्सिंग शिकणाऱ्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय आणि तिचा प्रश्न मला सोडवत नाही. ती लिहिते : स्मॉल इंटेस्टाइन साधारण 6 मीटर लांब, लार्ज इंटेस्टाइन जेमतेम दीड मीटर. मग चौपट लांबीचं आतडं 'लहान' कसं?

टेप आडवी धरली की उत्तर मिळतं. लहान आतड्याचा व्यास अडीच-तीन सेंटीमीटर, मोठ्याचा सहा-सातच्या घरात. नावं पडली ती रुंदीवरून. लांबी कुणी विचारात घेतलीच नाही. आणि 'स्मॉल' या शब्दाला ते शोभतंही. जुन्या इंग्रजीत त्याचा मुख्य अर्थ अरुंद, सडपातळ असा होता. त्याचा जर्मन भाऊ 'श्माल' आजही अरुंदच आहे. इंग्रजीत पुढे अर्थ पसरला, तरी जुना अर्थ काही ठिकाणी टिकला. पाठीचा कंबरेपाशी निमुळता होणारा भाग म्हणजे 'स्मॉल ऑफ द बॅक'. कंबरदुखीचे रुग्ण बघताना या मुलीला तो भेटेलच.

आपल्याकडच्या वैद्यांनी तर जाडीच नावात घातली. चरकसंहितेतल्या 15 कोष्ठांगांत ही दोन्ही आतडी आहेत : क्षुद्रांत्र आणि स्थूलांत्र. स्थूल म्हणजे जाड, इतकं स्वच्छ. सावंगीच्या शेजारी सालोडला आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न पडतही नसेल.

मला विचाराल तर जुन्या 'स्मॉल'चा खरा मराठी जोडीदार 'लहान' नाही, 'बारीक' आहे. आपला बारीकसुद्धा सडपातळ आणि लहान अशी दोन्ही कामं एकट्यानं करतो. बारीक पोरगं म्हणताना ते काडीसारखं आहे की वयानं लहान, हे बोलण्याच्या ओघातच कळतं. 'चॉप इट स्मॉल' म्हणजे बारीक चिर. 'अ स्मॉल व्हॉइस' म्हणजे बारीक आवाज. जुन्या इंग्रजीतला 'स्मॉल रेन' म्हणजे तर थेट आपला बारीक पाऊस! पाठ्यपुस्तकात 'बारीक आतडं' छापलं असतं, तर हे पत्र आलंच नसतं.

मात्र ही किल्ली सगळीकडे लावू नका. 'स्मॉलपॉक्स' म्हणजे देवी. तिथलं 'स्मॉल' आलं ते 'ग्रेट पॉक्स'पासून, म्हणजे उपदंशापासून, तिला वेगळं ओळखण्यासाठी. अल्पभूधारकाच्या 'स्मॉल फार्मर'मध्ये क्षेत्र मोजतात, 1 ते 2 हेक्टर. लघुवाद न्यायालयाच्या 'स्मॉल कॉज'मध्ये दाव्याची रक्कम. म्हणून 'स्मॉल' दिसला की आधी विचारावं : इथे मोजलंय काय?

हाच प्रश्न घेऊन पुढच्या आठवड्यात शर्टाच्या कॉलरमागच्या 'एल'कडे वळू.