९२४ बाइटांचा पत्ता

कर्जत-रसायनीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत मिनी प्रोजेक्टचा मोसम आला की बाकांवर आर्डुइनोचे निळे बोर्ड दिसू लागतात. कुणाला भाताच्या खाचरातलं पाणी मोजायचंय, कुणाला टाकी भरली की पंप बंद करायचाय. सुरुवात मात्र सगळ्यांची ‘ब्लिंक’पासून: ‘अपलोड’ दाबायचं आणि बोर्डावरचा दिवा लुकलुकताना बघायचा. पण तो प्रोग्राम आता राहतो कुठे?

लॅपटॉपवर म्हणाल, तर डॉक्युमेंट्समधल्या ‘आर्डुइनो’ फोल्डरात. तिथे प्रत्येक स्केचला, म्हणजे प्रोग्रामला, त्याच्याच नावाचं फोल्डर लागतं. शेजारी ‘लायब्ररीज’. तापमानाच्या सेन्सरशी कसं बोलायचं, हे जगात कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय. मागवलं की ते इथे येऊन बसतं. फुकट!

आणि हे सगळं चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर? तो इथे नाहीच. विंडोजमध्ये ‘ॲपडेटा’ नावाचं लपवलेलं फोल्डर असतं. त्यात ‘लोकल’, त्यात ‘आर्डुइनो१५’. ईएसपी३२ बोर्डाचा पसारा मागवलात तर इथे काही जीबी गुपचूप खर्ची पडतात. सी ड्राइव्ह भरला म्हणून फोटो उडवत बसणाऱ्यांनी एकदा इकडे डोकावावं.

एवढ्या लवाजम्यातून बाहेर काय पडतं? ऊनो बोर्डासाठी ब्लिंक कंपाइल करा, पडद्यावर आकडा येतो: ३२,२५६ पैकी ९२४ बाइट. एक किलोबाइटसुद्धा नाही! कोठार कितीही भरलेलं असो, ताटात लागेल तेवढंच वाढावं, तसा लिंकर लायब्ररीतली न वापरलेली फंक्शन्स बाजूला ठेवतो.

हा ऐवज लॅपटॉपवरच ‘हेक्स’ फाइल होऊन पडलेला असतो. नोटपॅडमध्ये उघडून बघाच. प्रत्येक ओळ कोलनने सुरू होते आणि शेवटची ओळ कायम तीच: कोलन, सात शून्यं, एक, एफएफ. म्हणजे ‘संपलं’.

तिथून ते बाइट केबलमधून चिपमध्ये जातात आणि खरी कमाल पुढेच आहे. खोपोलीत १९१५ पासून वीज तयार होते, म्हणून पावसाळ्यात आमच्याकडे लाइट जात नाही असं थोडंच! पण बोर्डाची वीज गेली तरी प्रोग्राम जागचा हलत नाही. फ्लॅश मेमरीत प्रत्येक बिटासाठी चहूबाजूंनी इन्सुलेशन असलेला एक सूक्ष्म कप्पा असतो. त्यात इलेक्ट्रॉन कोंडले आहेत की नाहीत, यावरून शून्य की एक ते ठरतं. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या डेटाशीटप्रमाणे ते २५ अंश तापमानाला १०० वर्षं टिकावेत! पुसून नवं लिहायची मुभा १०,००० वेळा.

आता यातली मेख. चिपमधले बाइट परत वाचता येतात, पण तुम्ही ठेवलेली व्हेरिएबलची नावं, मराठीत लिहिलेल्या कॉमेंट्स, यातलं काहीच तिथे पोचलेलं नसतं. ‘आर्डुइनो१५’ उडालं तर पुन्हा डाउनलोड होईल. पेनड्राइव्हवर उतरवून ठेवायचं ते डॉक्युमेंट्समधलं फोल्डर.