पीक राखणीसाठी लहान बोअरची रायफल कितपत उपयुक्त?

रब्बी ज्वारी हुरड्यात आली, हरभऱ्याला घाटे धरले, की परभणी जिल्ह्यात रानडुकरे, रोही व काळविटांचा उपद्रव वाढतो. डुकरांचा कळप एका रात्रीत ज्वारीची ताटे आडवी करतो. अशा वेळी २२ बोअरच्या रायफलने दुरूनच बंदोबस्त करावा, असा विचार काही शेतकरी बंधूंच्या मनात येतो. त्याची तांत्रिक व कायदेशीर बाजू समजून घेणे आवश्यक आहे.

गोळी कशी जाते?

२२ बोअरच्या साध्या काडतुसातील शिशाची गोळी सुमारे २.६ ग्रॅम वजनाची असते. ५० मीटरवर नेम बसविलेल्या रायफलची गोळी १०० मीटरवर जवळजवळ वीतभर, तर २०० मीटरवर एक मीटरहून अधिक खाली जाते. आडव्या वाऱ्याने ती बाजूलाही सरकते. त्यामुळे लांबून मारलेले डुक्कर बहुधा मरत नाही, जखमी होते. असे जनावर उसात दडून बसते व सकाळी कामावर आलेल्या मजुरांवर धावून जाते.

नेम चुकला तरी गोळीतील धोका संपत नाही. ती दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. दगड, कठीण मुरूम किंवा पाण्यावर आपटून उसळते. अमेरिकेच्या पश्चिम भागातील गवताळ कुरणांत बिळे करणारे प्राणी दुरून मारतात. तेथे अधिक वेगाची व आदळताच फुटणारी गोळी वापरतात आणि आसपास वस्ती विरळ असते. आपल्याकडे गोदाकाठची जमीन सपाट. गोळी अडविण्यास टेकाड नाही आणि रात्री शेजारच्या माळ्यावर कोणीतरी जागलीला असतोच.

कायदा काय सांगतो?

१) शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक व ती अपुरी पडत असल्यास गुळगुळीत नळीची बंदूक, यांसाठी परवान्याची तरतूद आहे. या तरतुदीत रायफल येत नाही.

२) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तीनुसार रानडुक्कर व रोही अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकास धोका असल्यास अधिकृत वन अधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच त्यांना मारता येते. मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते.

३) काळवीट व मोर अनुसूची १ मध्ये आहेत. पिकाच्या नुकसानीच्या कारणाने त्यांना मारण्याची परवानगी मिळत नाही.

बंदुकीचा परवाना असला तरी शिकारीची परवानगी वेगळी घ्यावी लागते, हे विसरू नये.

मग काय करावे?

• उंदरांसाठी बंदुकीची गरजच नाही. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत. सकाळी उकरलेली बिळे जिवंत समजावीत. दोन-तीन दिवस विषाशिवाय आमिष द्यावे. नंतर ९६ भाग धान्याचा भरडा, २ भाग गोडेतेल व २ भाग झिंक फॉस्फाईड काडीने मिसळून जिवंत बिळांत टाकावे. हातमोजे वापरावेत, मुले व जनावरे दूर ठेवावीत.

• डुकरांसाठी सौर कुंपण उपयुक्त आहे. त्याचा झटका क्षणिक असतो. विजेच्या खांबावरून तारेत थेट प्रवाह कधीही सोडू नये. त्यात माणसे दगावतात.

• उसाचे फड, नाल्याकाठची झुडपे ही डुकरांची लपण्याची ठिकाणे. शेजाऱ्यांनी मिळून बांध साफ ठेवावेत व पाळीपाळीने राखण करावी.

• नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करून पंचनाम्याची मागणी करावी. पंचनामा होईपर्यंत पीक तसेच राहू द्यावे.

शेतकरी बंधूंनी कुंपण, एकत्रित राखण व वेळेवर अर्ज या तीन गोष्टींवर भर दिल्यास पीकही वाचेल आणि शेजाऱ्याच्या जिवालाही धोका राहणार नाही.