अर्थमिती म्हणजे काय? एम.ए.ला ती का शिकवतात?



माझी धाकटी बहीण अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. तिच्या एका प्रश्नाने माझी चांगलीच झोप उडवली, म्हणून हा विषय.

त्या वर्षी शाळा सुटल्यावर मी चौथीचा एक तास जादा वर्ग घेत होते. सत्र परीक्षेत थांबणाऱ्या मुलांना चांगले गुण पडले. मी खूश! न थांबणाऱ्या एका मुलाच्या आईला मी सांगूनही टाकलं, "तुम्ही त्याला थांबू देत नाही, म्हणून तो मागे पडला." ती बिचारी काहीच बोलली नाही.

बहिणीने विचारलं, "ताई, थांबणारी मुलं कोण होती गं?"

मी आठवून बघितलं. ज्यांना न्यायला घरचं कोणी येतं, ज्यांचा अभ्यास घरी घेतला जातो, तीच मुलं. तो मुलगा मात्र धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी पळायचा. मग गुण जादा वर्गामुळे वाढले की घरच्या परिस्थितीमुळे? मला सांगता येईना.

अर्थमिती नेमकं हेच शोधते

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं नसतं. खरं कारण किती आणि योगायोग किती, हे आकडेवारीवरून तपासायचं शास्त्र म्हणजे अर्थमिती. इंग्रजीत इकॉनॉमेट्रिक्स. अर्थशास्त्राचं पहिलं नोबेल 1969 मध्ये याच कामासाठी नॉर्वेचे राग्नार फ्रिश आणि नेदरलँड्सचे यान टिनबर्गेन यांना मिळालं.

आपल्या शाळांमधलं उदाहरण

'प्रथम' संस्थेचा बालसखी उपक्रम मुंबई आणि वडोदऱ्यात झाला. वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळेतच रोज सुमारे दोन तास वेगळं शिकवायची. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी द्यायची, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. त्यामुळे 'हुशार घरची मुलंच आली' ही शंका उरली नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास 2007 मध्ये छापून आला. मुलांचे गुण खरंच वाढले, जास्त फायदा मागे पडलेल्यांना झाला. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे मांडलं. बॅनर्जी, डफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना 2019 चं नोबेल मिळालं, ते अशाच पद्धतीच्या प्रयोगांसाठी.

एम.ए.ला काय शिकावं लागतं?

1. पाया: संभाव्यता, संख्याशास्त्र, कलनशास्त्र आणि मॅट्रिक्स.
2. रिग्रेशन: घरची परिस्थिती, हजेरी, वर्ग अशा अनेक गोष्टींचा परिणाम वेगवेगळा काढणं.
3. पुढचा भाग: त्याच कुटुंबांची अनेक वर्षांची माहिती, महागाईसारखी काळानुसार बदलणारी आकडेवारी, आणि प्रयोग करता येत नाही तिथे कारण कसं शोधायचं.
4. संगणक: आर, स्टाटा किंवा पायथनवर खरी आकडेवारी हाताळणं.

बहिणीची पहिल्या सत्रात तारांबळ उडाली. सूत्रं पाठ होती, पण ती कुठे लागू पडत नाहीत हे कळत नव्हतं. गंमत म्हणजे खरा अभ्यास तिथेच असतो.

पालकांसाठी

मुलाला अर्थशास्त्रात पुढे जायचं असेल तर बारावीपर्यंत गणित सोडू देऊ नका. आयआयटीच्या 'जॅम' परीक्षेतल्या अर्थशास्त्राच्या पेपरमध्येही गणित आणि संख्याशास्त्र असतं. "आर्ट्स घेतलं, आता गणित कशाला?" हा सल्ला पुढे महागात पडतो.

आणि आपल्यासाठी

चौथीच्या मुलांनाही आठवडाभराची हजेरी मांडायला लावा आणि विचारा, "बुधवारी मुलं कमी का आली?" एक उत्तर आलं की म्हणा, "आणखी काय कारण असेल?"

पुढच्या सत्रात मी जादा तास शाळेच्या वेळेतच बसवला. आता तो मुलगाही असतो. त्याच्या आईला मात्र मी आधी भेटून आले, आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं.