विहिरींतलें कासव

आमच्या आजोळच्या विहिरींत एक कासव असे. तें किडे व कुजकें अन्न खाऊन पाणी निवळ ठेवतें, असें आजी सांगे. आणि तें वर आलें कीं आम्ही मुलें कठड्यावरून भाताचीं शितें टाकीत असूं. त्या मुक्या जीवाचें तेथें काय होत असेल, हा विचार मात्र आमच्या मनांत कधीं आला नाहीं.

तळीं, पाट व भातखाचरें यांत आढळणाऱ्या या कासवास शास्त्रज्ञ लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. तें सुमारें वीतभर लांब असून त्याच्या पाठीवर खवल्यांऐवजीं कातडी असते. बेडूक, मासे, गोगलगाई, पाणवनस्पती व मेलेले प्राणी हा त्याचा आहार. पोटाच्या कवचास मागील बाजूस कातडीच्या दोन झडपा असतात. मागचे पाय आंत ओढले कीं त्या मिटतात. गीतेंत स्थितप्रज्ञास दिलेली कासवाची उपमा येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळते! मऊ पाठीच्या मोठ्या नदीकासवांस ही सोय नसल्यानें तीं चावून आपला बचाव करितात.

उन्हाळ्यांत तळें आटलें म्हणजे हें कासव चिखलांत स्वतःस पुरून घेतें व पावसाची वाट पाहतें; किंवा चालत जाऊन दुसरें पाणी गांठतें. मादी अंडीं मात्र पाण्यांत घालीत नाहीं. ती कांठावर येऊन मातींत खळगा करिते, त्यांत २ पासून १०-१२ पर्यंत वाटोळीं, टणक कवचाचीं अंडीं घालिते व तीं मातीनें झांकून निघून जाते.

आतां विहिरीकडे वळूं. बांधीव विहिरीस मातीचा कांठ नाहीं, आणि उभी भिंत चढून जाणें कासवास शक्य नाहीं. तेथें तें वर्षानुवर्षें जगेल. परंतु त्याचा वंश त्याच्याबरोबरच संपेल. दुष्काळास पुरून उरणारा हा प्राणी आमच्या मायेपुढें मात्र हरतो.

भाग्य येतें म्हणून कांचेच्या पेटींत असें कासव ठेवणें हीहि त्याच चुकीची आवृत्ति होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तें पकडणें व विकणें हा गुन्हाहि आहे. कोणाच्या विहिरींत तें असल्यास त्यांनीं वनखात्यास कळवावें; आपल्या मनानें कोठेंहि नेऊन सोडूं नये. मुलांस कासव दाखवावयाचें असेल, तर पावसाळ्यानंतर एखाद्या सकाळीं तळ्याच्या कांठीं न्यावें व स्वस्थ बसावें. ऊन खावयास तें आपण होऊन वर येतें.