टेकडीवरून उतरणारी रात्र

मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांच्या स्टुटगार्टमध्ये वारा फारसा फिरकतच नाही. नेकार नदीकाठी समुद्रसपाटीपासूनची उंची २०७ मीटर, तर शहराच्या हद्दीतल्या टेकड्या ५४९ मीटरपर्यंत चढतात. शहराचा गाभा या टेकड्यांमधल्या खोलगट भागात. दिवसभर तापलेलं काँक्रीट तिथे रात्रीही उष्णता ओकत राहतं.

मग हे शहर निवतं कशाने? टेकडीवरच्या गवताने! निरभ्र रात्री गवताळ जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि झपाट्याने गार होते. तिला लगटून असलेली हवाही गार होते, जड होते आणि उताराला लागते. वेग माणसाच्या चालीएवढा, कधी त्याहूनही कमी. अंगावरून गेली तरी कळणार नाही. पण पाटाच्या पाण्यासारखी ती खालची वाट शोधत जाते, आणि लांबलचक इमारत आडवी आली की बांधाशी तुंबावी तशी तुंबते. म्हणजे कारखान्याची शेड उताराला आडवी घालायची की उताराच्या दिशेने, यावर खालच्या वस्तीची झोप ठरते.

हे ओळखून स्टुटगार्टने १९३८ मध्येच हवामानतज्ज्ञ नेमला, तोही थेट महापालिकेत. वेधशाळेचा माणूस बांधकामाच्या नकाशावर वाकून बसलाय, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. (१९६८ पासून मुंबई हे स्टुटगार्टचं भगिनी-शहर आहे. आपला वारा समुद्रावरून येतो. आडव्या भिंती मात्र आपणही हौसेने बांधतो.)

२००८ मध्ये स्टुटगार्ट परिसराचा हवामान-नकाशासंग्रह निघाला. गार हवा कुठे तयार होते, कुठून वाहते आणि कुठे अडते, हे त्यात दिसतं. कुठे बांधावं आणि कुठली वाट मोकळी सोडावी, याच्या सूचनाही आहेत. तो एकट्या शहराचा नाही, १७९ नगरपालिका आणि गावांचा आहे. कारण हवा हद्द पाळत नाही. गार हवा एका गावाच्या कुरणात तयार होते आणि झोप लागते शेजारच्या शहराला. जर्मनीत उद्योगांवरचा व्यवसायकर बराचसा स्थानिक पालिकेच्या तिजोरीत जातो. त्या कुरणावर कारखाना आला असता तर गावाला उत्पन्न मिळालं असतं. ते सोडून शेजाऱ्याच्या गारव्यासाठी गावाने गवत का राखावं? हवेची वाट नकाशावर काढता येते. खरी घासाघीस या प्रश्नावर होते.