थंडीत मासा गळाला का लागत नाही?

२९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला, तरी अंबाझरी, फुटाळा या तिथल्या तलावांचं पाणी तेवढं गार झालं नाही. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच निवतं. एका रात्रीच्या गारठ्याला तलाव दाद देत नाही.

थंडी टिकली की मात्र पाणीही हळूहळू गार होतं, आणि ते माशाला जाणवतं. तो शीतरक्ताचा, त्यामुळे पाण्याचं तापमान तेच त्याच्या अंगाचं. पाणी गार झालं की पचन मंदावतं, भूक मरते. रोहू, कटला, मृगळ हे तर उबदार पाण्यातले मासे. म्हणून जानेवारीच्या पहाटे मित्रमंडळी कणकेची गोळी लावून बसतात आणि गळाची दोरी तासभर हलत नाही.

कॅनडातल्या तळ्यांवर मात्र लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात, आणि मासे मिळतातही. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं. त्याहून थंड पाणी हलकं होऊन वर राहतं आणि तिथेच गोठतं. बर्फाखाली तळाशी साधारण ४ अंशांचं पाणी शिल्लक राहतं. तिथले ट्राउट, पाइक या गारठ्यातही खातात. बर्फ पारदर्शक, टणक आणि निदान १० सेंटिमीटर जाड असेल, तरच त्यावर पायी उतरतात.

आपल्याकडे हिवाळ्यात पहाटेची झोप मोडू नका. उन्हानं काठचं उथळ पाणी आधी तापतं, तेव्हा दुपारीच गळ टाका. आणि त्याआधी परवानगी घ्यायला विसरू नका.