परका नाद, आपली कथा

विद्युत् गिटारचा कर्कश व अखंड नाद, अतिजलद ड्रम आणि घसा खरवडून काढलेला चीत्कारासारखा स्वर, ही ब्लॅक मेटल या संगीतप्रकाराची ढोबळ लक्षणे होत. हे नाव ‘व्हेनम’ या इंग्रज बँडच्या १९८२ मधील ध्वनिमुद्रिकेवरून रूढ झाले. परंतु या प्रकाराला निश्चित रूप लाभले ते १९९० नंतरच्या काही वर्षांत, नॉर्वेमध्ये. तेथील तरुण वादक एकच सूर वेगाने पुन्हापुन्हा छेडून नादाचा सलग पडदा उभा करीत आणि ध्वनिमुद्रणातील ओबडधोबडपणा हेतुपुरस्सर राखीत. त्यांच्यापैकी काहींचे ख्रिस्ती धर्मसंस्थेविरुद्धचे बंड चर्चच्या जाळपोळीपर्यंत गेले आणि हे संगीत जगभर कुप्रसिद्ध झाले. त्याच सुमारास ‘एम्परर’सारख्या बँडने कीबोर्डच्या साहाय्याने त्यात पाश्चात्त्य वाद्यमेळाची भव्यता आणली.

या भव्य धारेशी नाते सांगणारा मुंबईतील बँड म्हणजे ‘डेमॉनिक रेझरेक्शन’. शुद्ध ब्लॅक मेटलपेक्षा, ब्लॅक मेटल व डेथ मेटल यांच्या सीमेवरचे त्याचे संगीत आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल. गायक व गिटारवादक साहिल माखिजा यांनी २००० साली त्याची स्थापना केली आणि त्याच वर्षी पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तिचे शीर्षक ‘डेमनस्टीलर’ हेच माखिजा यांचे रंगमंचीय नाव होय.

अशा संगीताला ‘भूमिगत’ म्हणतात, ते त्यात काही गुप्त असते म्हणून नव्हे. व्यापारी वितरणाच्या बाहेर, मोजक्या श्रोत्यांच्या आधारावर ते जगते, एवढाच त्याचा अर्थ. चित्रपटगीतांच्या या महानगरीत असल्या ध्वनिमुद्रिकेस प्रकाशक मिळणे दुरापास्त होते. तेव्हा माखिजा यांनी स्वतःच प्रकाशनसंस्था काढली, ध्वनिमुद्रणाची सोय केली आणि कार्यक्रमही भरविले. या स्वावलंबनामुळेच बँडला चुका करण्याची व त्या सुधारण्याची उसंत मिळाली.

ही सुधारणा ध्वनिमुद्रिकांतून क्रमाने ऐकू येते. २००५ च्या ‘अ डार्कनेस डिसेंड्स’मध्ये कीबोर्डचे विस्तीर्ण सूर आणि आक्रमक गिटार यांचा मेळ अधिक घट्ट झाला. कर्कश स्वराच्या जोडीला स्वच्छ, सुरेल गायन येऊन तणाव व विसावा यांचा खेळ रंगू लागला. २०१० मध्ये ‘द रिटर्न टू डार्कनेस’ निघाली. त्याच वर्षी हा बँड नॉर्वेमधील ‘इन्फर्नो’ महोत्सवात वाजविण्यास गेला. ज्या भूमीत या प्रकाराला रूप आले, तिथल्याच श्रोत्यांसमोर मुंबईची ही आवृत्ती उभी राहिली.

तथापि, एक प्रश्न शिल्लक राहतो. कारागिरी साधली, तरी आशयाचे काय? नॉर्वेच्या वादकांना चर्चशी भांडण होते आणि ख्रिस्तपूर्व पुराणकथांची ओढ होती. मुंबईच्या तरुणाने तेच भांडण गाणे म्हणजे दुसऱ्याचा राग उसना आणणे. २०१४ च्या ‘द डेमन किंग’पर्यंत या बँडची सृष्टी अंधार आणि असुर यांच्या कल्पनाविश्वातच वावरत होती.

२०१७ च्या ‘दशावतार’ या ध्वनिमुद्रिकेत दिशा बदलली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतार आणि दहा रचना, अशी तिची योजना आहे. भारतीय संगीताचे रंगही तिच्यात मिसळलेले आहेत. कोकणातील दशावतारी खेळ पाहिलेल्या वाचकाला हे विशेष परके वाटू नये. तिथेही संकासुर आरोळी ठोकीत येतो आणि प्रेक्षक आधी दचकतात. नरसिंहाचा क्रोध किंवा परशुरामाचा संहार व्यक्त करावयाचा, तर खरखरीत कंठ आणि घणाघाती ताल ही साधने मुळीच विसंगत ठरत नाहीत.

केवळ देशी सुरांची पखरण केल्याने परका प्रकार आपला होत नाही. सतरा वर्षे कमावलेल्या कर्कशतेला जेव्हा सांगण्याजोगी घरची गोष्ट मिळाली, तेव्हा तिचे प्रयोजन बदलले. ज्यांना हे संगीत कधीच रुचणार नाही, त्यांनाही या वाटचालीतील सचोटी ओळखता येईल.